कर कोळशावर, धूर मोकळा

जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीने डिसेंबर १९९१मध्ये एक अंतर्गत टिपण निघाले. गरीब देशांत प्रदूषण हवे त्यापेक्षा कमीच आहे, तेव्हा घाणेरडे उद्योग तिकडे हलवावेत, असा त्याचा मथितार्थ. टिपण फुटले, गदारोळ झाला, ते उपरोधाने लिहिले होते असा खुलासाही आला. त्याच वर्षी भारताने परकीय भांडवलाला दार उघडले होते. भोपाळची वायुदुर्घटना न विसरलेल्या या देशात परकीय गुंतवणूक म्हणजे धुराची आयात, अशी धास्ती वाटली तर नवल नव्हते.

पण त्याच १९९१मध्ये अर्थतज्ज्ञ जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी मेक्सिकोचा अभ्यास करून वेगळे काही मांडले. प्रदूषण-नियंत्रणाचा खर्च वाचतो म्हणून अमेरिकी उद्योग मेक्सिकोकडे वळतात, याला फारसा पुरावा त्यांना सापडला नाही. व्यापार आणि गुंतवणूक वाढली की हवेवर तीन परिणाम होतात, असे ते म्हणाले: उत्पादन फुगते, उद्योगांची जात बदलते आणि तंत्र सुधारते. पहिल्याने धूर वाढतो, तिसऱ्याने घटतो, मधल्याचा भरवसा नाही. भांडवल कुठल्या देशाचे, याला मला वाटते आपण नको तेवढे महत्त्व दिले. यजमानाघरची शिस्त पाहून पाहुणा वागतो, आणि घरचे भांडवल तरी निराळे कुठे वागते?

या शिस्तीचा एक मार्ग म्हणजे कर. स्वीडनने १९९२पासून मोठ्या बॉयलरांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडवर किलोमागे ४० क्रोनर आकार लावला. तो धुराड्यात मोजून आकारला जाई आणि जमलेली रक्कम, किती उपयुक्त ऊर्जा निर्माण केली त्या प्रमाणात, कारखान्यांनाच परत मिळे. म्हणजे कमी धुरात जास्त ऊर्जा देणाऱ्याला नफा आणि शेजाऱ्यापेक्षा जास्त ओकणाऱ्याला तोटा. सरकारच्या तिजोरीला यात जवळपास काहीच मिळत नव्हते, आणि माझ्या मते तेच त्याचे मर्म.

आपल्याकडे २०१०मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर आला. वाढत वाढत तो २०१६मध्ये ४०० रुपयांवर गेला. पैसा स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी होता. २०१७पासून तो जीएसटीमुळे राज्यांना होणारी तूट भरण्याकडे वळला. यावर पुष्कळ टीका झाली, ती रास्तच. मला मात्र दुसरीच गोष्ट जास्त खुपते. वीजखरेदी करारांत ‘कायद्यातील बदला’चे कलम असते, त्याच्या आधारे हा बोजा वीजदरात आणि तिथून ग्राहकाच्या बिलात उतरे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून काय बाहेर पडते, याच्याशी या आकाराचा संबंध नव्हता. गंधकाचे वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवली काय, न बसवली काय, टनामागचे ४०० रुपये तेवढेच. ज्याच्या हाती निर्णय त्याला झळ नाही आणि ज्याला झळ त्याच्या हाती निर्णय नाही! गंधकाच्या वायूंची मर्यादा डिसेंबर २०१५मध्ये ठरली, मुदती पुनःपुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५मध्ये बहुतेक औष्णिक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूट मिळाली.

त्याच वर्षी २२ सप्टेंबरला उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. वरवर पाहता कर वाढला. पण टक्केवारीचा कर किमतीवर बसतो. भारतीय कोळशात राख आधीच भरपूर, आणि जास्त राखेचा कोळसा स्वस्त. सरसकट ४०० रुपयांचा भार त्या स्वस्त मालावर किमतीच्या मानाने जड पडे. हा अन्याय दूर झाला, असे सरकारने समाधानाने सांगितले. हवेच्या बाजूने पाहिले तर राखेच्या कोळशावर जड पडणारा, जुन्या करातला तेवढाच भाग कामाचा होता, नकळत का होईना.