आप्पांचा हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात आमच्या बँकेत पेन्शनर मंडळी आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यायला येतात. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं, तेव्हापासून तो घरबसल्याही देता येतो. पण काही झालं तरी वर्षातून एकदाच! आमचे आप्पा मात्र हा दाखला दिवसातून चाळीस वेळा देतात.

त्याचं असं झालं. मी बँकेत, ही शाळेत, आणि ८२ वर्षांचे आप्पा सावेडीच्या घरात एकटे. अमेरिकेतल्या धाकट्यानं काळजीपोटी सेन्सर बसवून घेतले. न्हाणीघराच्या दाराला, फ्रिजला, औषधांच्या डबीला, झालंच तर गादीखाली. आप्पा न्हाले, जेवले, की माझ्या खिशात फोन गुरगुरतो. कल्पना तशी जुनीच. डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली आंघोळ, कपडे, जेवण अशा सहा गोष्टींवरून माणसाचं स्वावलंबन मोजलं. २००१ साली जपानात तर अशी किटली निघाली, की म्हाताऱ्यांनी चहाला पाणी घेतलं की मुलांना वर्दी!

आप्पा म्हणाले, "आपल्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरला घरांना दारं न लावण्याची रीत. २०११ साली युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा काढली. आणि आपल्याकडं फ्रिजचं दारसुद्धा चुगली करतं!"

एकदा नोंदीत दिसलं, आप्पा रोज रात्री २ वाजता उठून औषधांची डबी उघडतात. धाकटा घाबरला. झोपेची गोळी सुरू करा म्हणाला. मी त्या रात्री जागा राहिलो. आप्पा उठले, डबी उघडली, मिटली.

"आप्पा, काय हवंय?"

"काही नाही रे. तुझ्या आईला दोनला गोळी द्यायचो ना. हात अजून उठतो."

यंत्राची नोंद पैशाला पैसा बरोबर होती. फक्त ती कुठल्या खात्यावर टाकायची, हे यंत्राला कळत नव्हतं. आणि मलाही! सुप्रीम कोर्टानं २०१७ साली खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. आम्ही दोघे भाऊ आप्पांना साधं विचारायलाही विसरलो होतो. काळजी आणि पाळत यांत अंतर असेल, तर ते या विचारण्याएवढंच.

दुसऱ्या दिवशी विचारलं. आप्पा म्हणाले, "न्हाणीघरातलं राहू दे. पडलो तर कळेल. बाकीची काढ."

आता जेवणाच्या सुट्टीत मी फोन करतो. "आप्पा, जेवलात?"

"यंत्र काढलंस म्हणून विचारतोस होय?" असं म्हणतात, आणि पुढं दहा मिनिटं फोन ठेवत नाहीत.