गरिबी आणि नकाराचा अधिकार

श्रीमंत कोण आणि गरीब कोण, हे सहसा मालमत्तेवरून ठरते. हा हिशेब दोन ठिकाणी कोलमडतो: धान्य असूनही माणसे भुकेने मरतात तिथे, आणि जवळ काहीही न ठेवणाऱ्या साधूपुढे सावकार हात जोडतो तिथे. दक्षिण कोलकात्यातील बालीगंज या सुखवस्तू वस्तीच्या परिसरात या दोन्ही प्रश्नांच्या खुणा दिसतात.

१९४३ च्या दुष्काळात बंगालच्या खेड्यांतून उपाशी माणसे कोलकात्यात आली. ती दारोदार भात मागत नव्हती, तेवढी आशाच उरली नव्हती. भात वेळल्यावर उरणारे पाणी, बंगालीत ‘फॅन’, एवढेच त्यांचे मागणे होते. अमर्त्य सेन यांनी ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ (१९८१) या ग्रंथात दाखवले की त्या वर्षीचे धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा साधारण ५ टक्केच कमी होते. १९४१ पेक्षा तर ते जास्तच होते, आणि १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता. युद्धकाळात भाव भडकले, मजुरी मागे पडली. शहरातील अनेक नोकरदारांना स्वस्त धान्य मिळत राहिले. शेतमजूर आणि कोळी मेले. जपानी सैन्याच्या भीतीने सरकारने नावा काढून घेतल्याने कोळ्यांचे तर पोटाचे साधनच गेले होते. सेन यांच्या अंदाजाने सुमारे ३० लाख माणसे दगावली. धान्य होते, त्यावर या माणसांचा हक्क उरला नव्हता. गरिबीची ही व्याख्या मालमत्तेच्या यादीपेक्षा कितीतरी खरी आहे.

दुसरी बाजू स्वेच्छेच्या अकिंचनतेची. रामकृष्ण परमहंसांनी दक्षिणेश्वरला एका हातात नाणे, दुसऱ्या हातात माती घेतली आणि दोन्ही सारखीच मानून गंगेत टाकली. देहूच्या तुकोबांचे घराणे महाजनकीचे. दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नाविना गेली. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, भावाचा वाटा मात्र त्याला दिला, अशी परंपरा सांगते. हा तपशील महत्त्वाचा आहे: त्याग स्वतःच्या हक्काचाच करता येतो. आणि त्या कागदांबरोबर ऋणकोही सुटले, हे विसरता कामा नये.

साधू आणि उपाशी मजूर दोघांचेही हात रिकामे. पण साधूने नाकारलेले असते, मजुराला नाकारले गेलेले असते. म्हणून समाधानाचा उपदेश ज्याच्यापुढे पर्याय आहेत त्यालाच शोभतो. उपाशी माणसाला धर्म शिकवणे हा त्याचा अपमान आहे, असे विवेकानंदांनी १८९३ मध्ये शिकागोत बजावले होते. बालीगंजच्या दक्षिण टोकाला गोलपार्कजवळ त्यांच्याच रामकृष्ण मिशनची संस्कृती संस्था उभी आहे. तिथल्या वेदान्ताच्या अभ्यासाला हा इशारा लागू आहेच.

धनिकाने काय करावे, याला गांधीजींनी विश्वस्तवृत्तीचे उत्तर दिले. गरजेपुरतेच आपले, बाकीचे समाजाचे, हा विचार भागवताच्या सातव्या स्कंधातही आहे. गांधीजींचे निकटवर्ती घनश्यामदास बिर्ला यांचे गुरुसदय रोडवरील घर त्यांच्या दानामुळे १९५९ मध्ये विज्ञान संग्रहालय झाले, आणि त्याचा लाभ आजही शाळकरी मुले घेतात. दान मोठे आहे. तरी विश्वस्ताने काय द्यावे हे विश्वस्तच ठरवतो. ज्यांच्यासाठी तो संपत्ती सांभाळतो त्यांना हिशेब मागता येत नाही. या विचारातील ही उणीव भक्तिभावाने झाकण्याजोगी नाही.

आजही पहाटेच्या कॅनिंग लोकलने सुंदरबनाकडच्या बायका बालीगंज स्टेशनात उतरतात आणि धुणीभांड्यांना फ्लॅटांत जातात. १९४३ च्या शेतमजुरापेक्षा त्यांची स्थिती निश्चित बरी: रोख पगार आहे, रेशन आहे, मतही आहे. पण लेखी करार बहुधा नसतो. ताप आला म्हणून खाडा केला तर पैसे कापले जाऊ शकतात, आणि जास्त काम नाकारले तर त्या घरचे काम सुटू शकते.