काठ-पदराचा तोल

संकेश्वरच्या बाजारात मिरचीच्या ढिगाशी भाव ठरवणारी एखादी आज्जी पाहावी. गर्द रंगाचं इरकल, खणाची चोळी, डोक्यावरून घेतलेला पदर. उन्हात उभी, हाताला मिरचीचा खकाणा, तरी तिच्यात एक डौल असतो. भारी शालू नेसून फोटोला उभं राहणारीलाही तो सहज साधत नाही. हा डौल येतो कुठून?

थोडा त्या लुगड्यातूनच येतो. आपलं इरकल बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं. त्याचं अंग साधं, एकरंगी नाहीतर बारीक चौकड्यांचं. सगळा थाट काठाला आणि पदराला. पदर लाल रेशमाचा, त्यावर पांढऱ्या नक्षीचे पट्टे. विणकरानं त्या नक्षीत काय उतरवलं? केसांची फणी, किल्ल्याचा तट, डोंगराची रांग आणि जोंधळ्याचं कणीस. ज्या शिवारात बाई राबते, तिथलंच कणीस तिच्या पदरावर आलं.

खरं कसब मात्र नजरेआड आहे. पारंपरिक इरकलात अंगाचा ताणा सुती आणि पदराचा रेशमी. हे दोन ताणे हातमागावर धाग्यात धाग्याचा फासा अडकवून जोडतात. त्या जोडणीला ‘टोपे तेनी’ म्हणतात. त्यामुळे एकच लांब ताणा लावून एकामागून एक लुगडी विणत सुटता येत नाही. प्रत्येक लुगड्याचा ताणा वेगळा तयार करावा लागतो. नेसणारीला हा खटाटोप दिसतही नाही. तिला फक्त पदर खांद्यावर नीट बसलेला जाणवतो.

सौंदर्यात सुसंस्कृतपणा येतो तो अशा दोन गोष्टींनी: न दिसणाऱ्या जागी घेतलेले कष्ट आणि दिसणाऱ्या जागी पाळलेला संयम. पहिली गोष्ट आपण जाणतो, दुसरीत चुकतो. लग्नाचा मांडव असो, भाषण असो की घराचा दर्शनी भाग, आपल्याला सगळीकडेच जर हवी असते. मग नजरेला थांबायला जागाच उरत नाही.

इरकलाचं साधं अंग म्हणजे विणकराचा कंटाळा नव्हे, त्याचा निर्णय आहे. अंग शांत आहे म्हणून काठ उठून दिसतो. आज चार माणसांत बोलायला उभं राहण्याआधी आपल्या बोलण्यातला पदर कोणता, तेवढं ठरवून घ्यावं. रंग तिथे खर्चावा आणि बाकीचं साधं ठेवायचा धीर धरावा.