पत्र पावले

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥

आजचं वाचन : दासबोध, दशक ११, समास ५, राजकारणनिरूपण

मित्रांनो, आजच्या समासात समर्थ चार गोष्टी क्रमाने सांगतात. पहिली हरिकथा आणि निरूपण. दुसरी राजकारण. तिसरी सर्व बाबतींत सावधपण. आणि चौथी साक्षेप, म्हणजे चिकाटीने केलेला प्रयत्न. हा समास आपण बहुतेक वेळा शिवकाळाच्या संदर्भात वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण माझ्यासारख्या आयटीत नोकरी करणाऱ्याचा माणसांशी आणि प्रसंगांशी रोजचा व्यवहार कुठे चालतो? निम्माअधिक ऑफिसच्या मेलमध्ये. म्हणून आज हा समास इनबॉक्स समोर ठेवून वाचूया.

हसू नका. साताऱ्यात आम्ही काहीजण रविवारी दासबोध वाचायला बसतो. तिथे नोकरीला लागून दोनच वर्षं झालेल्या एका मुलीने विचारलं, "दादा, जपाला बसलं की न वाचलेले मेल आठवतात. दोन हजारांच्या वर गेलेत. डोळे मिटले तरी तो लाल आकडा दिसतो. काय करू?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा हा प्रश्न नुसता ऑफिसचा नाही, साधनेचाही आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. भक्ती करायची तर कामाचा पसारा टाकून द्यावा, असं समर्थ सांगत नाहीत. त्यांनी स्थापन केलेले अकरा मारुती बघा. चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर आणि माजगाव हे सात सातारा जिल्ह्यात. कृष्णेच्या पात्रातलं बहे आणि शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यात. उरलेले दोन, मनपाडळे आणि पारगाव, कोल्हापूर जिल्ह्यात. मोटार घेऊन हे सगळे करायचे म्हटले तरी आपली दमछाक होते. एवढा व्याप मांडणारा माणूस आपल्याला 'काम सोडा' कसं म्हणेल? तो क्रम लावायला सांगतो.

क्रमात पहिलं काय, तर हरिस्मरण. याचा आजचा अर्थ अगदी साधा आहे : उठल्यावर पहिला हात फोनकडे जाऊ नये. आधी नाम, मग मेल. दिवसाची पहिली पंधरा मिनिटं दुसऱ्याच्या मागण्यांना दिली की दिवसभर आपण त्यांच्यामागे धावत राहतो. तीच पंधरा मिनिटं रामाला दिली की मेल तेवढेच असतात, पण ते उघडणारा माणूस थोडा स्थिर असतो.

दुसरं राजकारण. इथे त्याचा अर्थ माणूस आणि प्रसंग ओळखून वागणं असा घेऊया. दोन हजार मेल म्हणजे दोन हजार माणसं नव्हेत. त्यातले ढीगभर यंत्राने पाठवलेले असतात : सर्व्हरचे अलर्ट, बिल्डचे निरोप, कॅलेंडरच्या सूचना, 'माहितीसाठी' म्हणून चिकटवलेल्या प्रती. त्यांच्यासाठी फिल्टर लावा, ते वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या. त्यात अपराध वाटण्यासारखं काही नाही. पण ते बाजूला काढल्यावर जे उरतात, त्यांच्यामागे माणूस बसलेला असतो. तिथून तिसरी गोष्ट सुरू होते, सावधपण.

याबाबत एक अनुभव सांगतो. मागच्या वर्षी सांगलीत माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं. विम्याच्या पैशांसाठी कागदपत्रं मेल केली. नऊ दिवस काहीच उत्तर नाही. आई रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की विचारायची, "आलं का रे काही?" दहाव्या दिवशी दोन ओळींचा मेल आला : कागद मिळाले, एक पावती कमी आहे, ती पाठवा. पैसे आले नव्हते, उलट काम वाढलं होतं. तरी आई त्या रात्री शांत झोपली. कुणीतरी आपले कागद पाहिलेत, एवढं तिला कळलं होतं.

आपल्या जुन्या लोकांना हे चांगलं ठाऊक होतं. आपला हा भाग पत्रांच्या ढिगाऱ्यांसाठी प्रसिद्धच आहे. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात कागदांचं केवढं दप्तर होतं! इकडे मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनांच्या दप्तरातली मोडी पत्रं वाचली, निवडली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून खंडामागून खंड छापले. त्या काळच्या पत्रोत्तरांची एक ठरलेली रीत आहे. मुख्य मजकुराच्या आधी लिहिणारा कळवतो की तुमचं पत्र पावलं आणि मजकूर समजला. निर्णय पुढे, तपशील पुढे, आधी पोच. पत्र घेऊन जासूद कित्येक दिवस वाट तुडवायचा, तेव्हा ते पोचलं की नाही ही काळजी खरीच असायची. आज मेल क्षणात पोचतो. पण समोरच्याची काळजी तशीच आहे.

म्हणून माझा आग्रह असा : सगळ्या मेलना पूर्ण उत्तर देणं जमणार नाही, पण पोच देणं जमतं. 'तुमचा मेल मिळाला, गुरुवारपर्यंत उत्तर देतो.' किंवा 'हे माझ्याकडे नाही, अमुक टीमला विचारा.' किंवा सरळ 'या महिन्यात शक्य नाही.' वेळेवर दिलेला नकारसुद्धा सेवा आहे, कारण तो समोरच्याला टांगून ठेवत नाही.

चौथी गोष्ट साक्षेप. दशक १९ च्या पहिल्या समासात समर्थांनी लेखनाचं तंत्र सांगितलं आहे. त्यात एक बारकावा आहे : पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटचंही दिसावं. सकाळच्या पहिल्या मेलला 'नमस्कार' आणि संध्याकाळच्या शेवटच्याला खेकसून एक शब्द, असं आपलं होतं. तेव्हा मेलसाठी दिवसातून दोन किंवा तीन वेळा ठरवून घ्या, तेवढा वेळ मन लावून उत्तरं द्या, आणि मग खिडकी बंद करा. थकून पन्नास उत्तरं देण्यापेक्षा नीट दिलेली पंधरा बरी.

'इनबॉक्स झीरो' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. अमेरिकेतल्या मर्लिन मॅन यांनी तो रूढ केला, २००७ साली गूगलमध्ये त्यावर व्याख्यानही दिलं. लोकांनी त्याचा अर्थ मेलची संख्या शून्य करणं असा घेतला. त्यांचा रोख वेगळा होता : आपलं किती मन त्या इनबॉक्सात अडकून पडतं, ते शून्याकडे न्यायचं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, ही तर आपलीच भाषा आहे. इनबॉक्स घरातल्या केरासारखा आहे. आई रोज केर काढते. 'कायमचा काढून झाला' असं ती कधी म्हणत नाही, आणि उद्या पुन्हा होणार म्हणून रडतही नाही. नेम म्हणजे तरी दुसरं काय?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. तीन माणसांचं काम एकट्यावर टाकलं असेल, तर ते सोसत राहणं म्हणजे तपश्चर्या नव्हे. सावधपणात हेही येतं. आठवड्याचा हिशेब लिहा, किती मेल, किती तास, आणि तो शांतपणे मॅनेजरसमोर ठेवा. त्या मुलीलाही मी हेच सांगितलं. रामाचं नाव घेऊन अन्याय गिळायचा नसतो. ते नाव घेऊन खरं बोलायचं बळ आणायचं असतं.

आजच्यापुरता एवढाच नेम धरूया. जप झाल्यावर इनबॉक्स उघडा. आकड्याकडे बघू नका. कुणाची वाट बघून दमछाक झाली असेल, असा एकच मेल शोधा आणि त्याला दोन ओळी लिहा. काम झालं नसेल तरी चालेल. त्याचं पत्र पावलं, एवढं त्याला कळू द्या.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥