जपणूक आणि बंदी

चाकणच्या पलीकडील एका गावी सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूने आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मंडळीतील एका वृद्ध बाईची हाडे ठिसूळ झाली आहेत असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हापासून तिच्या मुलांनी तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणे बंद केले आहे. बाई रडते, मुले म्हणतात, आम्ही हे मायेपोटीच करतो. बंधू विचारतात की, ह्यात खरे कोणाचे, व आपण कोणाच्या बाजूने बोलावे? हा प्रश्न आम्हांस फार लागला, कारण अशाच एका घरी दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वतः चुकीचा सल्ला दिला होता. तो प्रथम सांगून टाकतो.

त्या आजींचे घर चाकण रस्त्यालगतच्या एका गावी आहे. त्यांचा जन्म कांद्याची लागण, खुरपणी व गवताचे भारे वाहणे ह्यांत गेला. पुढे जमीन एमआयडीसीत गेली. आलेल्या पैशांतून मुलांनी पक्के घर बांधले, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी चकचकीत फरशी आली. थोरला मुलगा एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामास आहे, सूनही पॅकिंगच्या कामास जाते. पाळी पडेल तेव्हा कंपनीची बस येते. एके दिवशी हंडा उचलताना आजींच्या पाठीत कळ आली. घरी सर्वांस वाटले, कंबर धरली असेल. काही महिन्यांनी आजींच्याच ध्यानात आले की, ज्या फळीवर त्या इतकी वर्षे मिठाचा डबा ठेवीत होत्या तेथे आता हात पोहोचत नाही. फोटो काढला तेव्हा मणक्याचे एक हाड दबून चेपलेले आढळले.

घरचे घाबरले, व आम्हीही घाबरलो. आम्ही म्हणालो, "आजी, आता घरीच बसा. उपासनेला येण्याची तसदी घेऊ नका, आम्हीच येत जाऊ." हे बोलून आम्ही मोठी दया केली असे मनात समजत परत आलो. सहा महिन्यांनी पाहतो तो खाटेवरून उठण्यास त्यांना दोन्ही हात टेकावे लागत होते. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, हाड मोडलं असतं तर प्लाष्टर घातलं असतं, दीड म्हयन्यानं काढलं असतं. हे तुमचं प्लाष्टर कवा काढायचं?"

ह्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मग आम्ही डॉक्टरांस विचारले, काही वाचले, आणि आम्हांस कळले की आजींचे बोलणे केवळ गाऱ्हाणे नव्हते.

हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. ते जन्मभर झिजते व जन्मभर नवे बांधले जाते. तिशीच्या सुमारास त्याची भरणी पुरी होते. पुढे झीज वाढते, आणि स्त्रियांत मासिक पाळी बंद झाल्यावर ती काही वर्षे फार वेगाने होते. डेक्सा नावाच्या तपासणीने हाडाची घनता मोजतात. तरुण वयाच्या मापाशी तुलना करून जो आकडा येतो तो उणे अडीच किंवा त्याखाली असला तर हा रोग आहे असे म्हणावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरविले. जगात पन्नाशी ओलांडलेल्या दर तीन स्त्रियांत एकीचे व दर पाच पुरुषांत एकाचे हाड पुढील आयुष्यात ह्या ठिसूळपणामुळे मोडते असा अंदाज आहे. उन्हात राबलेल्या बायकांसही हा रोग होतो. आमच्याकडील रोजच्या बाजरी-ज्वारीच्या भाकरीत कॅल्शियम फार थोडे असते. शंभर ग्रॅम नाचणीत मात्र ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. वृद्ध स्त्रीस दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम लागते. नाचणी ही गरिबांची म्हणून ज्यांनी ती ताटातून घालवली त्यांनी ह्याचा विचार करावा.

आता भयाविषयी. "भिऊ नका" असे खाटेशी बसून म्हणणे फार स्वस्त आहे. पाश्चात्य देशांतील नोंदींप्रमाणे खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांत सुमारे एक जण वर्षाच्या आत मरण पावतो, आणि जे वाचतात त्यांतील पुष्कळ पूर्वीसारखे चालत नाहीत. तेव्हा मुलांचे भय वेडेपणाचे नाही, आजींचेही नव्हते. रात्री लघवीला उठताना त्यांच्या छातीत धडधडे, हे त्यांनी आम्हांस पुष्कळ उशिरा सांगितले.

परंतु भय ज्या संकटास टाळू पाहते त्यालाच ते घरात आणते. मर्फी व आयझॅक्स ह्या दोघांनी १९८२ साली एकदा पडलेल्या वृद्धांविषयी लिहिले की, त्यांतील काही जण पुढे भिंत धरल्यावाचून पाऊल टाकीत नाहीत. चालणे सुटले की मांड्यांचे बळ जाते, बळ गेले की तोल जातो, आणि तोल गेला की माणूस खरोखरच पडते. हाडाचेही असेच आहे. यूलिउस वोल्फ ह्या जर्मन वैद्याने १८९२ साली दाखविले की, हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःस घडविते. अंतराळात वजन लागत नाही, म्हणून तेथे राहणाऱ्या धडधाकट तरुणांच्याही खुब्याचे हाड महिन्यास एक ते दीड टक्का झिजते. तो प्रवास आजींना खाटेवर बसून, आमच्या सल्ल्याने घडत होता! उलटपक्षी, २०१९ साली शंभराहून अधिक प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा दिसले की, तोलाचा व पायांचा व्यायाम करणाऱ्या वृद्धांत पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते.

इतके कळूनही मुले आईस का बसवून ठेवतात? आमच्या मते ह्याचे कारण अज्ञान एवढेच नाही. मोडलेल्या हाडास तारीख असते. अमुक दिवशी, अमुक वेळी, घरात अमुक माणूस असताना आजी पडल्या, असे गाव बोलते. आणि ते बोट बहुधा सुनेकडे वळते. बसून बसून जे पाय गेले त्यांस तारीख नाही. त्याचा दोष कोणी कोणास देत नाही, "वय झालं" एवढेच म्हणतात. म्हणून ज्या हानीचा जाब द्यावा लागेल तिला आपण टाळतो व जिचा जाब कोणी विचारणार नाही ती वृद्ध माणसाच्या पदरी घालतो, आणि ह्या देवघेवीस माया हे नाव देतो. आम्हीही तेच केले होते. आमच्या मंदिराच्या पायरीवर त्या पडल्या असत्या तर लोकांनी आम्हांस विचारले असते. त्या घरात खंगल्या तर आम्हांस कोण विचारणार? धन्याने सोपविलेले धन भयाने जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराच्या दृष्टांतावर आम्ही अनेकदा उपदेश केला आहे, परंतु तो चाकर आपण असू असे तोवर मनात आले नव्हते.

तथापि दुसरी बाजूही आहे, व ती बंधूंनी त्या बाईस स्पष्ट सांगावी. हाड तिचे असले तरी ते मोडल्यावर पडणारा भार तिच्या एकटीचा नाही. ठेक्यावर असलेल्या मुलाचा खाडा झाला की रोज बुडतो, लांबला तर कामही जाते. आमच्या आजीही निरपराध नव्हत्या. सून कामावर गेली की त्या स्टुलावर चढून माळ्यावरची लोणच्याची बरणी काढीत, आणि आठवड्याची गोळी विसरले म्हणून सांगत. ती गोळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नसते. ह्याचा त्यांना कंटाळा होता. हा हट्टीपणा झाला, स्वातंत्र्य नव्हे. दुसऱ्याच्या मजुरीवर आपण धोका पत्करीत आहोत हे ज्याला कळते त्यानेच तो पत्करावा.

म्हणून आमचे मत असे की, कोठे जावे, कोठे जाऊ नये, हे ठरविणे त्या बाईकडे असावे, आणि घरच्यांनी आपली सर्व सावधगिरी वस्तूंकडे वळवावी. मोरीत खडबडीत फरशी व भिंतीस धरायला कडी, रात्री दिवा, खाली ठेवलेला हंडा उचलण्याचे काम दुसऱ्याकडे, पाय न सटकणारी चप्पल, डोळ्यांची तपासणी, औषध. गोळी सोसत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून देण्याचेही औषध आहे, ते डॉक्टरांस विचारावे. पाठीचा मणका दबलेला असेल तर कमरेत वाकण्याचे व्यायाम मनाने करू नयेत; कोणते करावे हे जाणकाराने शिकवावे. आणि मुलांनी आधीच सांगावे की, एवढे करूनही आई पडली तर घरात कोणी कोणास बोल लावणार नाही. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे. आजींच्या घरी ते बोलायला आम्हांस तीनदा जावे लागले, आणि तिसऱ्या खेपेस सून रडू लागली. तिला स्वतःला किती भय होते हे तोवर कोणी विचारलेच नव्हते.

आजी आता सकाळी काठी घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जातात व येतात. खुर्चीवरून हात न टेकता उठणे त्यांना पुन्हा साधू लागले आहे; प्रथम दोनदा, आता आठ वेळा. भय गेलेले नाही. पाऊस पडून गेला असेल त्या दिवशी त्या स्वतःच घरी राहतात व तसा निरोप पाठवितात. इतर रविवारी त्या येतात आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसतात, कारण सतरंजीवर बसून उठणे त्यांना जड जाते.

आमच्या मंदिरास तीन पायऱ्या आहेत व धरायला काही नाही. इतकी वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पंचांनी लोखंडी पाइप बसविण्याचे ठरविले असून भोसरीच्या एका वर्कशॉपात वेल्डिंग करणाऱ्या आमच्या तरुणाने तो करून देण्याचे कबूल केले आहे. हे लिहीपर्यंत पाइप आलेला नाही. तोवर उपासना सुटली की एक जण खालच्या पायरीशी उभा राहतो. आजींचा हात तो धरीत नाही, कारण ते त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावले आहे.