दुसऱ्या दिवसाचा थकवा

गुरुचरित्राचा सप्ताह अडखळतो तो बहुधा दुसऱ्या दिवशी. पहिले ९ अध्याय उत्साहात होऊन जातात. दुसऱ्या दिवशी १० ते २१, म्हणजे एकदम १२! गुडघे बोलू लागतात, ओळी डोळ्यांपुढे हलतात. मन म्हणतं, ‘आता वय झालं, महाराज समजून घेतील.’ घेतीलच हो. पण म्हणून लगेच पोथी बासनात बांधायची? पाटावर बसवत नसेल तर खुर्चीवर बसा, आवाज बसला तर हळू वाचा. शेजारणीच्या आधी संपवायची ही शर्यत थोडीच आहे!

कारण तिसऱ्या दिवशी पोथी उघडली की समोर येतो २२वा अध्याय. गाणगापूरच्या गरीब ब्राह्मणाची म्हैस. वांझ, म्हातारी, दात पडलेली. माती वाहण्यापुरती उरलेली. श्रीगुरू भिक्षेला येतात ते नेमके त्याच दारी, आणि त्या म्हशीचंच दूध मागतात. घरची बाई सांगून पाहते, महाराज, ही वांझ आहे. तरी गुरूंच्या शब्दाखातर ती भांडं घेऊन कासेशी बसते. तेवढंच तिच्या हातात होतं. दोन भांडी भरून दूध निघालं.