दोष आणि दोषी

यंत्र बिघडले म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात: बिघाड कोठे दिसतो आणि तो कशामुळे झाला. पहिल्याचे उत्तर हाती आले की दुसऱ्याचेही आले, असे आपण नकळत गृहीत धरतो. माणसांच्या बाबतीत ही चूक अधिक सहज घडते. कारण तेथे बिघाडाला एक चेहरा मिळतो. दोष शोधणे आणि दोषी ठरवणे या दोन क्रिया भिन्न आहेत, हे तर्कशास्त्राच्या वाचनाने मला कळायला हवे होते. प्रत्यक्षात ते कळले तंजावरच्या एका गॅरेजात.

मोडी कागदपत्रे पाहण्यासाठी काही आठवडे मी तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जात होतो. ज्या मराठी कुटुंबात उतरलो होतो, त्यांच्या मुलाकडे टर्बो इंजिनाची एक वेगवान गाडी होती. भरधाव जात असता तिचा जोर एकाएकी नाहीसा होई आणि मग पॅडल कितीही दाबले तरी ती बैलगाडीसारखी रखडत चाले.

पेट्रोल-गाडीत पॅडल दाबणे म्हणजे पेट्रोल सोडणे, अशी माझी समजूत होती. वस्तुतः त्यामुळे उघडते ते हवेचे दार. इंजिनात जाणारी हवा थ्रॉटल बॉडीतील एका गोल झडपेतून जाते आणि जेवढी हवा आत जाईल त्या प्रमाणात संगणक इंधन देतो. आजच्या गाड्यांत पॅडल आणि झडप यांच्यामध्ये तार नसते. पॅडलकडून विद्युत्-संदेश जातो आणि एक लहान मोटर झडप फिरवते. झडप किती उघडली हे सांगायला दोन संवेदक असतात. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत, तर संगणक धोका पत्करत नाही. तो इंजिनाची शक्तीच मर्यादित करतो.

पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावताच थ्रॉटलच्या नावाचा संकेतांक दिसला. जुनी थ्रॉटल बॉडी काढली गेली, हजारो रुपयांची नवी आली. झडप पूर्ण बंद असतानाची स्थिती संगणकाला नव्याने शिकवण्याचा विधीही झाला. चार दिवस गाडी उत्तम चालली. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

मग आम्ही एका वयस्क मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी प्रथम विचारले, जुना भाग कुठे आहे? सुदैवाने तो डिकीत होता. त्यांनी इंजिन चालू ठेवले, दोन्ही संवेदकांचे आकडे समोर घेतले आणि तारांचा जुडगा बोटांनी हळूहळू हलवत नेला. थ्रॉटलच्या प्लगजवळ हात येताच एक आकडा कोसळला. हात सोडला की तो पूर्ववत होई. त्यांनी हे तीनदा करून पाहिले. प्लगमधील एक पिन सैल झाली होती आणि तिच्यावर हिरवट गंज चढला होता. ते तमिळमध्ये काहीतरी बोलले. मुलाने मला सांगितले, "काका, ते म्हणतात, संकेतांक म्हणजे फक्त तक्रार. निकाल आपण द्यायचा असतो."

मग नवा भाग बसवल्यावर चार दिवस गाडी नीट का चालली? कारण तो बसवताना प्लग काढून पुन्हा लावावा लागला. त्या घर्षणाने गंज थोडा खरवडला गेला. गुण आला तो प्लग हलवल्याचा, श्रेय मिळाले नव्या भागाला. आपल्या परंपरेत याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडते. मेस्त्रींनी केले ते याच्या नेमके उलट. हलवले की दोष येतो, सोडले की जातो, हा अन्वय-व्यतिरेक त्यांनी बोटांनी सिद्ध केला. पिन बदलून त्यांनी जुनीच थ्रॉटल बॉडी साफ करून बसवली. ती निर्दोष होती.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसलो असता मन लागेना. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी तेथे जतन केल्या आहेत. रुग्णाची स्थिती, उपचार आणि डोळ्यांची चित्रे त्यांत आढळतात. जे दिसले ते आधी काढून ठेवायचे, ही शिस्त दोन शतकांपूर्वी या नगरात होती. ती माझ्यात नव्हती, हे मला तेव्हा आठवले.

विभागप्रमुख असताना एका वर्षी आमच्या विषयाचा निकाल घसरला. तो पेपर एक तात्पुरते प्राध्यापक शिकवत. आकड्यांपुढे त्यांचे नाव होते. तेवढे मला पुरले. त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवू नये, अशी शिफारस मी केली. नवे गृहस्थ आले, पहिल्या वर्षी निकाल सुधारला आणि माझा निर्णय योग्य ठरला असे सर्वांनी म्हटले. तिसऱ्या वर्षी निकाल होता तेथेच आला. नेमलेली पुस्तके ग्रंथालयात नव्हती आणि तासिका अशा वेळी ठेवल्या होत्या की बाहेरगावच्या मुलांची एस.टी. तोवर सुटलेली असे. हे वेळापत्रक मीच मंजूर केले होते.

भाग बदलूच नयेत, असे यातून निघत नाही. झडप झिजते, मोटर जळते, माणूसही कधी खरोखर अपात्र असतो. तेथे बदलण्यात कुचराई करणे हाही अपराधच. प्रश्न एवढाच, की बदलण्यापूर्वी आपण तार हलवून पाहिली का? ही तपासणी कंटाळवाणी असते आणि कधी कधी तिचा शेवट आपल्याच सहीपाशी होतो. म्हणूनच ती टाळली जाते.

यंत्राच्या बाबतीत चूक परत घेता येते. जुना भाग डिकीत असतो. त्या प्राध्यापकांनी पुढे अध्यापन सोडले, एवढेच मला नंतर समजले. मी त्यांचा पत्ता शोधला नाही. तंजावरहून परतल्यावर शोधला, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती.